चोरी सोपी, पचवणं अवघड

उंचावरच्या खिडकीतून एक माणूस दोराला लटकत खाली येतोय. खाली संग्रहालयाची फरशी आहे आणि तिच्यावर एवढासा भार पडला तरी घंटा वाजणार आहे. दोराचं दुसरं टोक धरलंय एका घाबरट, घामाघूम झालेल्या लठ्ठ माणसानं. उंचावरून खाली बघितलं की त्याला गरगरतं. कुणी बोलत नाही. काचेची पेटी अलगद वर उचलली जाते, आतला पाचूजडित खंजीर निघतो, त्याच्या जागी हुबेहूब नक्कल बसते, पेटी पुन्हा जागेवर येते. सगळं बिनबोभाट पार पडतं. मग कळतं, की उघड्या खिडकीतून एक पाखरू आत शिरलंय आणि ते केव्हातरी फरशीवर उतरणार आहे.

हा प्रसंग ज्यूल्स दासँच्या ‘टोपकापी’ (१९६४) या सिनेमातला. फिल्म सोसायटीच्या एका खेळाला मी तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्या प्रसंगभर सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नव्हतं. त्याआधी नऊ वर्षं याच दिग्दर्शकानं ‘रिफिफी’मध्ये जवाहिऱ्याचं दुकान फोडण्याचा अर्ध्या तासाचा प्रसंग संवादाशिवाय आणि संगीताशिवाय रंगवला होता. तीच विद्या त्यानं ‘टोपकापी’त संग्रहालयात नेली. दोर धरणाऱ्या पीटर युस्टिनॉव्हला ऑस्कर मिळालं. १९९६ च्या ‘मिशन: इम्पॉसिबल’मध्ये टॉम क्रूझ छतातून लटकत उतरतो, तो याच दोरावरून. कलावस्तूंच्या चोरीच्या सिनेमांचं व्याकरण इथं पक्कं झालं: नकाशा, माणसांची जुळवाजुळव, तालीम, पहाऱ्यातली फट आणि ऐन वेळी आलेलं विघ्न.

त्या खंजिराची स्वतःची गोष्ट मात्र सिनेमा सांगत नाही. ऑटोमन सुलतान पहिला महमूद यानं तो नादिरशहाला भेट म्हणून पाठवला होता. हा तोच नादिरशहा, ज्यानं १७३९ साली दिल्ली लुटली आणि मयूर सिंहासन उचलून नेलं. भेट घेऊन निघालेली मंडळी वाटेत असतानाच १७४७ मध्ये नादिरशहाचा खून झाला आणि खंजीर इस्तंबूलला परत आला. मुठीवर तीन मोठे पाचू आहेत. एवढा इतिहास पोटात घेऊन बसलेल्या वस्तूला सिनेमात काम काय, तर उचलून नेण्याचं. तिच्या जागी हिऱ्यांची थैली असती तरी प्रसंग तसाच रंगला असता. या सबंध प्रकाराबद्दलची माझी तक्रार इथून सुरू होते.

चोरी करणं सोपं, पचवणं अवघड, असं आपल्याकडे म्हणतात. कलावस्तूंच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. संग्रहालयातून चित्र पळवायला पुष्कळदा एक शिडी पुरते. ते विकायला मात्र उघड बाजारात गिऱ्हाईक मिळत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकलेला असतो. सिनेमानं गेली साठ वर्षं याच्या बरोबर उलटं दाखवलं. पडद्यावर चोरी महाकर्मकठीण असते, आणि ती साधली की गोष्ट संपते. माल कुठे गेला, कुणी घेतला, भिंतीवरची जागा रिकामी झाल्यावर काय झालं, हे विचारायला कथेला सवड नसते. ज्या मोजक्या सिनेमांनी ती सवड काढली, तेच मला या प्रकारातले मोठे सिनेमे वाटतात.

साठच्या दशकातल्या सिनेमांशी मी भांडणार नाही. त्यांना मौज करायची होती आणि ती त्यांनी मनापासून केली. विल्यम वायलरच्या ‘हाऊ टु स्टील अ मिलियन’मध्ये (१९६६) ऑड्री हेपबर्न स्वतःच्याच घरची मूर्ती पॅरिसच्या संग्रहालयातून चोरायला निघते. मूर्ती शिल्पकार चेल्लिनीची म्हणून प्रदर्शनात मांडलेली, प्रत्यक्षात ती आजोबांनी घडवलेली. विम्यासाठी तज्ज्ञ ती तपासणार आणि मग वडिलांचा बनावट चित्रांचा उद्योगही उघडा पडणार, म्हणून ही धडपड. ती आणि पीटर ओ’टूल झाडू-बादल्यांच्या खोलीत दडून बसतात. तो बूमरँग फेकून पुन्हा पुन्हा गजर वाजवतो, आणि शेवटी जेरीला आलेले पहारेकरी गजरच बंद करून टाकतात. फार सुरेख युक्ती आहे ही. तिच्यात यंत्रापेक्षा माणसाच्या स्वभावाची पारख आहे.

सिनेमातलं प्रत्यक्षात उतरायलाही वेळ लागला नाही. ‘टोपकापी’ अमेरिकेत लागला आणि थोड्याच आठवड्यांत, ऑक्टोबर १९६४ मध्ये, न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयातून ‘स्टार ऑफ इंडिया’ हा ५६३ कॅरटचा नीलम चोरीला गेला. चोरांना हा सिनेमा पाहून कल्पना सुचली असं तेव्हापासून सांगितलं जातं. पण त्यांना दोराच्या कसरतीची फारशी गरज पडली नाही. हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या उघड्या ठेवलेल्या होत्या आणि काचपेटीच्या गजराची बॅटरी केव्हाच संपलेली होती. नीलम पुढे मायामीच्या बस स्थानकातल्या एका लॉकरमध्ये सापडला.

१९९९ साली आलेल्या ‘द थॉमस क्राउन अफेअर’बद्दल मला मनापासून माया आहे. १९६८ च्या मूळ सिनेमात स्टीव्ह मॅक्वीन बँक लुटवतो. जॉन मॅकटिअर्ननच्या नव्या अवतारात पिअर्स ब्रॉस्नन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातून भर दिवसा मोनेचं चित्र उचलतो. दालनातलं वातानुकूलन बंद पडतं, तापमान वाढतं आणि माणसाच्या अंगातली ऊब टिपणारे कॅमेरे आंधळे होतात. ही झाली करामत. पण हा अब्जाधीश सकाळी खाऊची पिशवी घेऊन संग्रहालयातल्या बाकावर येऊन बसतो आणि चित्राकडे बघत न्याहारी करतो. चित्र बघायला आवडतं म्हणून येणारा चोर या प्रकारात विरळाच. शेवटी छतावरच्या फवाऱ्यांचं पाणी पडतं, वर रंगवलेलं चित्र ओघळून जातं आणि खालून मोने उजळत येतो. हरवलेली वस्तू सर्वांच्या डोळ्यांसमोर भिंतीवरच होती, ही कल्पना कुठल्याही लेझर किरणांपेक्षा जास्त थरारक आहे. ते खरं चित्र, सान जॉर्जो माजोरेची संध्याकाळ, न्यूयॉर्कमध्ये नाहीच. ते वेल्समध्ये, कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

त्याच वर्षीच्या ‘एन्ट्रॅपमेन्ट’मध्ये कॅथरीन झीटा-जोन्स लेझरच्या तालमीसाठी घुंगरं लावलेल्या दोऱ्यांमधून अंग वळवत जाते. ‘ओशन्स ट्वेल्व्ह’मध्ये (२००४) व्हिन्सेंट कासेल त्याच किरणांमधून नाचत जातो. ‘रेड नोटीस’मध्ये (२०२१) क्लिओपात्राची म्हणून तीन सोन्याची अंडी आहेत आणि ती सपशेल काल्पनिक आहेत. तिन्ही सिनेमे वेळ छान घालवतात. कलेशी त्यांचा संबंध किमतीच्या चिठ्ठीपुरता आहे.

खऱ्या चोऱ्या कशा होतात? २१ ऑगस्ट १९११ ला विन्चेन्झो पेरुज्जा या इटालियन कारागिरानं लूव्रमधून मोनालिसा उचलली. तो तिथं काम करून गेलेला होता, वाटा माहीत होत्या, अंगात कामगारांचा झगा होता. दोन वर्षं चित्र पॅरिसमधल्या त्याच्या खोलीत पडून राहिलं. १९१३ च्या डिसेंबरात फ्लॉरेन्सच्या एका विक्रेत्याला ते द्यायला गेला आणि सापडला. मधल्या काळात लोक रांगा लावून लूव्रमधली रिकामी भिंत बघायला येत होते, आणि त्यांत फ्रान्झ काफ्काही होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये, लिलहामरच्या हिवाळी ऑलिंपिकचं उद्‌घाटन होतं त्याच दिवशी, ऑस्लोच्या राष्ट्रीय कलादालनाला दोघांनी शिडी लावली, खिडकी फोडली आणि मिनिटभराच्या आत मुंकचं ‘द स्क्रीम’ नेलं. जाताना सुरक्षाव्यवस्था इतकी ढिली ठेवल्याबद्दल आभाराची चिठ्ठी ठेवून गेले. १९ ऑक्टोबर २०२५ च्या सकाळी लूव्रच्या अपोलो दालनात फ्रान्सच्या राजघराण्याच्या दागिन्यांवर डल्ला पडला. त्यासाठी सामानसुमान वरच्या मजल्यावर चढवायची शिडी लावलेला ट्रक वापरला होता. सगळं आठ मिनिटांच्या आत झालं. पळताना सम्राज्ञी युजेनीचा मुकुट हातून निसटून बाहेर पडला आणि चेपला.

बॉस्टनमधल्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयाची गोष्ट सर्वांत जिव्हारी लागणारी. १८ मार्च १९९० च्या पहाटे पोलिसांच्या वेषातले दोघे आत शिरले, रखवालदारांना बांधून ठेवलं आणि ८१ मिनिटांत तेरा वस्तू नेल्या. व्हर्मीरची ‘द कॉन्सर्ट’ त्यांत होती. रेम्ब्रांचं समुद्रावरचं एकमेव चित्र, गालीलच्या वादळाचं, तेही होतं. संस्थापिकेच्या मृत्युपत्रानुसार मांडणी बदलायची नाही, म्हणून रिकाम्या चौकटी आजही त्याच भिंतींवर टांगलेल्या आहेत. माहिती देणाऱ्याला एक कोटी डॉलरचं बक्षीस आहे. ‘धिस इज अ रॉबरी’ या नेटफ्लिक्सच्या चार भागांच्या मालिकेत (२०२१) संशयितांची, टोळ्यांची, तपासातल्या चुकांची जंत्री आहे. माझ्या मनात मात्र त्यातल्या चौकटीच राहिल्या.

मग चोरलेली चित्रं जातात कुठे? सिनेमाकडे याचं एक लाडकं उत्तर आहे: कुणा श्रीमंत खलनायकाच्या गुप्त दालनात. या उत्तराचा उगमही सापडतो. ऑगस्ट १९६१ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतून गोयानं काढलेलं ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं चित्र नाहीसं झालं. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘डॉक्टर नो’मध्ये जेम्स बाँड खलनायकाच्या महालात शिरतो आणि ते चित्र तिथं पाहून थबकतो. पन्नास वर्षांनी ‘स्कायफॉल’मध्ये (२०१२) हीच खोडी पुन्हा काढली. शांघायच्या इमारतीत दिसतं ते मोदिग्लियानीचं पंखेवालीचं चित्र २०१० साली पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयातून चोरीला गेलं होतं. त्या संग्रहालयाची गजरयंत्रणा कित्येक आठवडे नादुरुस्त होती. एका अट्टल घरफोड्यानं खिडकीतून शिरून पाच चित्रं नेली, त्यांत पिकासो आणि मातीसही होते. खटल्यात एका साथीदारानं सांगितलं, की घाबरून त्यानं ती चित्रं मोडून कचऱ्यात टाकली. २०१२ साली रॉटरडॅमच्या कुन्स्टहालमधून सात चित्रं गेली. चोरांपैकी एकाच्या आईनं रुमेनियातल्या आपल्या घरी ती चुलीत जाळल्याचं आधी कबूल केलं आणि नंतर शब्द फिरवला. चुलीतल्या राखेत तज्ज्ञांना जुन्या रंगांचे आणि चित्रांच्या खिळ्यांचे अंश मिळाले. गुप्त दालनाच्या कल्पनेत एक दिलासा असतो, की निदान कुणीतरी ती चित्रं बघत असेल. राखेत तोही नाही.

गोयाच्या ड्यूकचं पुढे काय झालं, हे रॉजर मिशेलनं ‘द ड्यूक’मध्ये (२०२०) सांगितलंय. कुठला डॉक्टर नो आणि कुठला महाल! चित्र न्यूकॅसलमधल्या एका कामगारवस्तीतल्या घरात, कपाटात होतं. केम्प्टन बंटन हा निवृत्त बसचालक. ते चित्र देशात राखण्यासाठी १,४०,००० पौंड उभे राहतात आणि सरकार म्हाताऱ्याकोताऱ्यांना टीव्हीचं परवानाशुल्क माफ करत नाही, याचा त्याला संताप होता. १९६५ मध्ये चित्र बर्मिंगहॅमच्या रेल्वे स्थानकावरच्या सामानघरातून परत मिळालं. बंटनला चित्राच्या चोरीबद्दल शिक्षा झाली नाही, कारण त्याचा ते ठेवून घ्यायचा इरादा नव्हता. शिक्षा झाली ती न सापडलेल्या चौकटीबद्दल, तीन महिन्यांची. चित्र उचललं होतं त्याच्या मुलानं, हे फार नंतर जाहीर झालं. जिम ब्रॉडबेंट आणि हेलन मिरन यांनी हे नवराबायको इतक्या जिव्हाळ्यानं उभे केलेत, की कपाटातला गोया त्या घरातल्या दुःखाचा एक भाग होऊन जातो.

चोरीनंतरचं ओझं दाखवणारा सर्वांत चांगला सिनेमा माझ्या मते मेक्सिकोचा आहे. अलोन्सो रुइसपालासिओसचा ‘मुसेओ’ (२०१८) १९८५ च्या नाताळच्या आदल्या रात्रीवर बेतलाय. त्या रात्री मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयातून शंभराहून अधिक प्राचीन वस्तू गेल्या, आणि पालेन्केच्या पाकाल राजाचा हरितमण्याचा मुखवटाही गेला. नेणारे होते पशुवैद्यकीचे दोन विद्यार्थी. गायेल गार्सिया बेर्नाल आणि त्याचा मित्र सणाच्या जेवणावरून उठून जातात, पेट्या उघडतात, हाताला येईल ते पिशवीत भरतात. त्यांच्या हातात त्या वस्तू असतात तेव्हा कॅमेरा घाई करत नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी घासून गुळगुळीत केलेला दगड तो आपल्याला नीट बघू देतो.

आणि मग सकाळ होते. टीव्हीवर बातमी, सारा देश हळहळतोय, आणि पिशवी पलंगाखाली. दोघं गाडी घेऊन पालेन्केला जातात, तिथून आकापुल्कोला. एका जाणकार परदेशी संग्राहकाला माल दाखवतात. तो प्रत्येक वस्तू ओळखतो, तिचं मोल जाणतो, आणि म्हणूनच हात लावायला तयार नाही. या मालाला जगात गिऱ्हाईक नाही, हे त्याच्या तोंडून ऐकताना त्या दोघांचे चेहरे बघावेत. ज्याची किंमत करता येत नाही त्याला किंमत येत नाही, हे त्यांना तिथं उमगतं. शेवट सांगत नाही. प्रत्यक्षातल्या वस्तू १९८९ साली बहुतांश परत मिळाल्या. बर्लिनच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळवलेला हा सिनेमा आपल्याकडे फारच कमी जणांनी पाहिलाय, याचं वाईट वाटतं.

त्याच वर्षीचा ‘अमेरिकन ॲनिमल्स’ याच जातकुळीचा. केंटकीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून डिसेंबर २००४ मध्ये चार तरुणांनी ऑड्यूबनच्या पक्ष्यांच्या चित्रांचे भले मोठे ग्रंथ पळवायचा घाट घातला. दिग्दर्शक बार्ट लेटन नटांच्या बरोबरीनं त्या खऱ्या चौघांनाही, शिक्षा भोगून आल्यावर, कॅमेऱ्यापुढे बसवतो. पोरं हाइस्ट सिनेमे बघून योजना आखतात. त्यांच्या मनातली चोरी संगीताच्या तालावर, एका सफाईनं पार पडते. प्रत्यक्षात ग्रंथपाल बाईंना बांधताना त्यांचे हात थरथरतात आणि जड ग्रंथ जिन्यात टाकून पळावं लागतं. त्या बाई स्वतः पडद्यावर येतात, तेव्हा मागच्या साठ वर्षांतल्या सगळ्या बांधून ठेवलेल्या पहारेकऱ्यांची आठवण होते. त्यांना कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. केली रायकार्टचा ‘द मास्टरमाइंड’ (२०२५) याहून शांत आहे. १९७० चं मॅसॅच्युसेट्स, बेकार सुतार, गावातल्या छोट्या संग्रहालयातून चोरलेली आर्थर डव्हची चार चित्रं. ती चित्रं शिडीवरून एकेक करून माळ्यावर लपवण्यात किती वेळ जातो, हे रायकार्ट कापाकापी न करता दाखवते.

आता ‘द ट्रेन’. जॉन फ्रँकेनहायमरचा हा सिनेमाही १९६४ चाच, पण त्यात चोर आहे एक राज्यसत्ता. पॅरिस नाझींच्या हातून निसटायला आलंय आणि कर्नल फॉन वाल्डहाइम ज दे पोम संग्रहालयातली लुटलेली चित्रं आगगाडीत भरून जर्मनीला न्यायला निघालाय. बर्ट लँकेस्टर रेल्वेतला अधिकारी. त्याला चित्रांतलं काही कळत नाही आणि चित्रांसाठी माणसं मारायची नाहीत, असं त्याचं सरळ म्हणणं आहे. तरी ती गाडी अडवण्यात एकामागून एक माणसं मरत जातात. इंजिनं खरीखुरी एकमेकांवर घातली आहेत, धूर, तेल, लोखंड सगळं अंगावर येतं. शेवटी गाडी थांबते, ओलिसांना गोळ्या घातलेल्या असतात, आणि रुळांशेजारी पडलेल्या खोक्यांवर चित्रकारांची नावं आपण वाचतो. एकदा नावं, एकदा प्रेतं, पुन्हा नावं. लँकेस्टर खोक्यांकडे न बघता लंगडत निघून जातो.

ही गोष्ट आली रोज व्हालाँच्या १९६१ च्या आठवणींतून. त्या ज दे पोममध्ये काम करत. नाझी अधिकाऱ्यांना आपल्याला जर्मन येतं हे कळू न देता चार वर्षं त्यांनी कुठलं चित्र कुठे गेलं याच्या नोंदी लपवून ठेवल्या. ऑगस्ट १९४४ मधली खरी गाडी पॅरिसच्या वेशीबाहेर ओल्नेपलीकडे गेलीच नाही. रेल्वेच्या माणसांनी दिरंगाई आणि कागदपत्रांचे घोळ घालून ती तिथंच रखडवली. मुक्तिसेनेच्या ज्या तुकडीनं ती ताब्यात घेतली, तिचा अधिकारी होता पॉल रोझेनबर्ग या लुटल्या गेलेल्या चित्रविक्रेत्याचा मुलगा. ‘द मॉन्युमेन्ट्स मेन’मध्ये (२०१४) जॉर्ज क्लूनीनं याच काळातला मोठा शोध मांडलाय, ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीपर्यंतचा. पण तिथं भाषणं फार आहेत. चित्रासाठी माणसाचा जीव द्यावा का, हा प्रश्न ‘द ट्रेन’ विचारतो आणि उत्तर न देता सोडतो. या प्रकारात याच्या तोडीचं मी काही पाहिलेलं नाही.

संग्रहालयातल्या वस्तू मुळात तिथं कशा आल्या, हा प्रश्न पडद्यावर उशिरा आला. जॅकी चॅनच्या ‘चायनीज झोडियाक’ची (२०१२) जात हाणामारीची, पण विषय आहे १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगचा जुना उन्हाळी राजवाडा लुटला तेव्हाची बारा राशींची कांस्यशिरं. २००९ साली त्यांतली दोन पॅरिसच्या लिलावात आली. एका चिनी माणसानं सर्वांत मोठी बोली लावली आणि मग पैसे द्यायला नकार दिला. सिनेमापेक्षा हा प्रसंगच सरस आहे. उंदीर आणि ससा पुढे २०१३ मध्ये चीनला परत मिळाले. ‘ब्लॅक पँथर’मध्ये (२०१८) किलमॉन्गर लंडनच्या एका कल्पित संग्रहालयात काचपेटीपुढे उभा राहतो आणि हे तुमच्या पूर्वजांनी विकत घेतलं होतं का, असं अभिरक्षक बाईंना विचारतो. दोन-तीन मिनिटांच्या त्या प्रसंगानं जे केलं, ते कित्येक परिसंवादांना जमलं नाही. माती दिओपच्या ‘दाहोमी’नं (२०२४) तर चोरीची गोष्ट शेवटाकडून सांगितली: पॅरिसहून बेनिनला २०२१ मध्ये परतलेल्या २६ राजवस्तू, आणि हजारो तिथंच राहिल्या म्हणून चिडलेले विद्यार्थी. ॲलिस रोरवाकरच्या ‘ला किमेरा’त (२०२३) एट्रुस्कन थडगी फोडणारी टोळी देवीची मूर्ती नेता यावी म्हणून तिचं डोकं छाटते. ते बघताना हात आपोआप स्वतःच्या मानेकडे जातो.

आपल्याकडच्या हिंदी सिनेमानं हिरे आणि सोनं पुष्कळ चोरलं. ‘शालिमार’ (१९७८) पासून ‘धूम २’ आणि ‘हॅपी न्यू इयर’पर्यंत चकाकतं तेच चोरीला जातं. मूर्तीची तस्करी असते, पण खलनायकाच्या धंद्यांच्या यादीत, दारू आणि सोन्याच्या बिस्किटांच्या शेजारी. मूर्तीला पात्र म्हणून वागवलं ते सत्यजित राय यांनी. ‘जय बाबा फेलुनाथ’मध्ये (१९७९) बनारसच्या घरातला छोटा गणपती एक मुलगा दुर्गेच्या सिंहाच्या जबड्यात लपवतो. त्यांची ‘कैलासे केलेंकारी’ ही गुप्तहेर फेलूदाची कथा तर आपल्या वेरूळला येऊन पोचते. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं शिर तोडलं जातं आणि त्या तस्करांचा माग कैलास लेण्यापर्यंत जातो. मुलांसाठी लिहिलेल्या त्या गोष्टीत चोरट्यांबद्दलचा रायांचा राग लपत नाही. संदीप राय यांनी २००७ मध्ये तिचा सिनेमा केला. शांतिनिकेतनातून २००४ साली रवींद्रनाथांचं नोबेल पदक गेलं, त्यावर सुमन घोष यांनी मिथुन चक्रवर्तींना घेऊन ‘नोबेल चोर’ केला. बंगालीत हे झालं. मराठीत झालेलं नाही.

विषयाचा दुष्काळ नाही. तमिळनाडूतल्या पत्तूरचा नटराज १९७६ मध्ये जमिनीतून निघाला, चोरट्या वाटेनं लंडनला पोचला, आणि तिथल्या न्यायालयात त्याच्यासाठी उभ्या राहिलेल्या दावेदारांत मंदिरातलं शिवलिंगही होतं. न्यायालयानं मंदिराच्या बाजूनं निकाल दिला आणि १९९१ मध्ये मूर्ती घरी आली. श्रीपुरंदानचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं २००८ साली सुमारे पन्नास लाख डॉलरना घेतला. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनं पूर्वी काढून ठेवलेल्या देवळातल्या फोटोंशी तो ताडून बघितला गेला, आणि २०१४ मध्ये तो परत आला. एक जुना कृष्णधवल फोटो आणि एक लिलावाचं चकचकीत पुस्तक शेजारी ठेवून मूर्तीवरचा ओरखडा न्‌ ओरखडा जुळवत बसलेली माणसं: यापेक्षा उत्कंठा कशात असते? नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारला सुमारे ४७ लाख रुपये मोजून आणावी लागली, हेही त्याच पटकथेचं एक पान आहे.

आणि दिवेआगर आहेच. १९९७ साली तिथल्या सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि आतून गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. कोकणात उतरणारी माणसं वाट वाकडी करून तो बघायला जात. मार्च २०१२ च्या एका रात्री दरोडेखोरांनी देवळाच्या दोन राखणदारांना ठार मारून तो नेला. त्यांना दोराची, लेझरची, बनावट मुखवट्याची कशाचीच गरज पडली नाही. ही चोरी पचवायची रीतही त्यांना ठाऊक होती. मराठीत पटकथा लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, की त्या दोन राखणदारांपासून सुरुवात करा, आणि चोर पकडले जाण्याशी थांबू नका. २०२१ च्या नोव्हेंबरात देवळात नवा मुखवटा बसला. पोलिसांच्या हाती लागलं होतं ते वितळवलेलं सोनं.